शलोमीच्या आईची साक्ष

कामोठ्याच्या चौकात बॅनर लागला आणि त्यावर आपल्या लेकीचा फोटो बघून वैजयंतीच्या डोक्यात तिडीक गेली. 'फिट्समधून पूर्ण मुक्त! या रविवारी ऐका शलोमीच्या आईची साक्ष.' आई इथे भाजीची पिशवी घेऊन उभी, आणि तिची साक्ष छापून मोकळे! शलोमी कुठली मुक्त व्हायला? तिला अजून सकाळ-संध्याकाळ गोळी लागत होती.

त्यांच्या ख्रिस्ती मंडळीत ही रीतच पडली होती. सोसायटीच्या हॉलमध्ये दर रविवारी भक्ती, आणि पुढे टेबलाशी एक टोपली. ज्याला बरं व्हायचंय त्यानं आपली औषधं टोपलीत टाकायची आणि बरा झालो म्हणून माइकवर सांगायचं. आधी साक्ष, मग आरोग्य, असं पास्टर प्रितम शिकवायचे. बाजारात तुरी म्हणतात तो प्रकार, पण बोलणार कोण?

पास्टर लबाड असते तर सोपं होतं. वैजयंतीचा नवरा गेला तेव्हा हाच माणूस तिच्या दारात बसून राहिला होता. म्हणून आठवडाभर ती गुडघे टेकून भांडली. "प्रभू, शलोमी बरी झाली असं तू खरंच बोललास का त्यांच्याशी? मग मला का नाही सांगितलंस? मी आई आहे तिची." उत्तर आलं नाही. पण हळूहळू एक गोष्ट तिच्या ध्यानात आली. पास्टरांचा शब्द आठवला की भीती वाटायची, लोक काय म्हणतील, माझा विश्वास थिटा ठरेल. शलोमीला गोळी देताना मात्र मन निवांत असायचं आणि तोंडातून आपसूक आभार निघायचे. देवाला बॅनरची घाई नसते, एवढं तिला कळलं. आणि मग तिला रागच आला. पारखून घ्या म्हणून देवानंच सांगितलंय ना? मग पास्टरांना पारखलं तर बिघडलं कुठे!

रविवारी सकाळी गोळी द्यायला तिनं डबा उघडला, तर गोळ्यांची पट्टी गायब. सासूबाई, सुमित्राबाई, शलोमीला घेऊन आधीच हॉलवर गेल्या होत्या. वैजयंती धावत पोचली. पट्टी टोपलीत होती.

"या सिस्टर, विश्वासानं बोला," पास्टरांनी माइक पुढे केला.

"जय ख्रिस्त," वैजयंती म्हणाली. "माझी मुलगी बरी झालेली नाही. तिला सध्या झटके येत नाहीत ते गोळ्यांमुळे, आणि त्या गोळ्यापण देवानंच दिल्यात. त्याच्या नावावर मी खोटं बोलणार नाही."

"सिस्टर, हा शंकेचा आत्मा बोलतोय."

"असेल. मग मला तपासा. माझ्या पोरीवर प्रयोग नको. फिट आली की जीभ तिची चावली जाते, तुमची नाही."

तिनं टोपलीतून पट्टी काढली, शलोमीला जवळ बोलावलं आणि टेबलावरच्या पास्टरांच्याच बाटलीतलं पाणी देऊन गोळी गिळायला लावली.

"तुमचं नाव मंडळीतून काढावं लागेल," पास्टर म्हणाले.

"काढा. प्रभूच्या यादीपर्यंत तुमचा हात पोचत नाही. आणि तो बॅनर आजच्या आज उतरवा, नाहीतर मी शिडी घेऊन येते."

तेवढ्यात सुमित्राबाई उठल्या. आता ही बाई भर मंडळीत आपली सालटी काढणार, असं वैजयंतीला वाटलं. पण म्हातारी सरळ टोपलीपाशी आली, पदर खोचून वाकली आणि आत चाचपू लागली.

"माज्या बीपीच्या पन हायेत यात," त्या पुटपुटल्या. "कवाचं डोकं गरगरतंय, आन् सांगायची चोरी. बघ गं वैजू, तुला दिसतायत का."