न थकणारं प्रथिन

“ही लबाडी आहे,” आल्विन म्हणाले आणि लेकीने आणलेला फोटो त्यांनी केकच्या बशीपासून लांब सरकवला.

विब्केला हसू आलं. जर्मनीतल्या गटिंगेनच्या कारखान्यात बाबांनी जन्मभर सूक्ष्मदर्शकाची भिंगं घासली होती. फार जवळचे दोन ठिपके कुठल्याही भिंगातून एकच दिसतात, प्रकाशाची मर्यादाच आहे ती, हे तिने लहानपणापासून ऐकलेलं. आणि या फोटोत डावीकडे मज्जापेशीचे तंतू धुक्यासारखे, तर उजवीकडे तेच तंतू सुटे सुटे.

“म्हणजे माझी भिंगं आता भंगारात?”

“भिंग तसंच आहे हो बाबा. आम्ही फक्त सगळ्या ठिपक्यांना एकदम चमकू देत नाही. पेशीतलं आमचं प्रथिन एका प्रकाशाने पेटतं, दुसऱ्याने विझतं. एक ठिपका सोडून भोवतालचं सगळं विझवायचं, तो टिपायचा, मग पुढचा.”

“आणि विझलेलं पुन्हा पेटवायचं?”

“दर वेळी. तिथेच तर घोडं अडलं होतं.”

काही वर्षं ते प्रथिन दमून जायचं. थोड्या वेळा विझवलं की कायमचं मरायचं आणि चित्र अर्धवट राहायचं. विब्के त्यात बारीक बदल करायची, जिवाणूंमध्ये वाढवायची, तपासायची, फेकून द्यायची. वसंतापर्यंत जमलं नाही तर हा नाद सोडू, असं प्रयोगशाळेच्या प्रमुखांनी सांगूनही टाकलं होतं. मार्चमध्ये जिवाणूंच्या एका बशीतला ठिपका कितीही वेळा विझवून पेटवला तरी मरेचना. दिवाच बिघडला असेल म्हणून तिने दिवा बदलला. ठिपका चमकतच राहिला. त्या संध्याकाळी कुणाला काही न सांगता ती सायकलवरून तळ्याला विनाकारण फेरी मारून घरी गेली.

“दमतच नाही ते?” आल्विननी विचारलं.

“दमतं की. पण चित्र पुरं करून.”

त्यांनी आलुबुखाराच्या केकचा आणखी एक तुकडा घेतला, सावकाश संपवला.

“उद्या येऊ का बघायला?”

इतक्या वर्षांत तिने बोलावूनही ते कधी प्रयोगशाळेत आले नव्हते. “या ना,” ती एवढंच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ते टाय बांधून आले. अंधाऱ्या खोलीत पडद्यावर चित्र ओळीओळीने उमटू लागलं. एकेक ओळ यायला बराच वेळ लागत होता.

“कंटाळलात का बाबा? घरी सोडू?” तिने वळून विचारलं.

आल्विननी खुर्ची पडद्याजवळ ओढून घेतली होती आणि बूट काढून टेबलाखाली नीट सरकवून ठेवले होते.