यादोरावच्या घरचा मुहूर्त

हे कोणाला पटणार नाही. माझ्या बायकोलाही पटलं नाही. पण आमच्या गावच्या तलावानं एका बाईचं पोट कापण्यापासून वाचवलं, अन् तलावाला ती अक्कल दिली मी! पानठेल्यावरच्या मंडळींनो, पान थुंका अन् ऐका.

यादोरावची सून नूतन दिवस भरून बसलेली. कळांचा पत्ता नाही, लेकरू पोटात मजेत. नर्सबाई म्हणाली, "सगळं बेस आहे, वाट पाहा." पण वाट पाहील तो यादोराव कसला? गेला, महाराजाकडून मुहूर्तच काढून आला.

"गुरुवारी दुपारच्या आत काढलं, तं पोरगा कलेक्टर होते!"

खासगी डॉक्टर एका पायावर तयार; संध्याकाळी त्याच्या साळीचं, बायकोच्या बहिणीचं, लग्न होतं. नवरा मुन्ना कंपनीतून आलेला, त्याची सुट्टी संपत आलेली. सासू नंदाबाईचं वेगळंच, "मोठ्या घरच्या बाया कापूनच बाळंत होतेत." घाई सगळ्यांना, एका बाळाला सोडून.

नूतन सासऱ्याला म्हणाली, "मामाजी, मले काई झालं नाही, मंग पोट कायले कापून राहिले?"

"चूप! कलेक्टरची माय होनार तू!"

अन् तिला ऑटोत बसवलं. यादोरावच्या मांडीवर पेढ्यांचा डबा, आधीच आणलेला.

मग मी काय केलं? धावत गेलो अन् तलावाचं तुडूम, म्हणजे पाणी सोडायचं दार, उपसलं, बाटलीचं बूच काढावं तसं! पाणी असं सुटलं की ऑटो तरंगला, गरगर फिरला अन् डॉक्टरचं दार मागं टाकून थेट सरकारी दवाखान्याच्या पायरीला लागला. यादोरावच्या धोतरात मरळ मासा शिरला. तो निघेस्तोवर मुहूर्त टळला! तिथंच नूतनला कळा आल्या, अन् गुंजन जन्मली ती पोहतच, मुठीत झिंगा धरून!

"उदाराम बाबाजी!"

मागं नूतनच उभी. डोक्यावर दळण, कमरेवर गुंजन.

"काऊन खोटं बोलून राहिले? वैशाखात तलावात म्हशीचं शेपूट भिजन एवढं बी पानी नोतं. ऑटोची चाबी काढून घेतली ती मी, अन् सरकारी दवाखान्यात पायी गेली ती बी मीच. कळा आपल्या वेळेवर आल्या. अन् तुमी? तुमी तं मामाजीच्या बाजूले बसून मुहूर्ताचे पेढे खाऊन राहिले व्हते!"