सुनेची बाटली

सून खिडकीशी उभी राहून खोकत होती आणि बाटलीत नुसती थुंकी पडत होती. पाचवा महिना सरत आलेला, तरी दोन महिन्यांत वजनाचा काटा हलला नव्हता, वर रोज संध्याकाळची कणकण. म्हणून दवाखान्यातल्या सिस्टरांनी काल ही बाटली दिली होती. उठल्याउठल्या छातीतून कफ काढून ठेव, नऊला न्यायला येते, असं बजावलं होतं. नऊला दहा मिनिटं कमी होती.

"निघतच नाहीये हो," सून रडवेली झाली.

"आण इकडे," म्हणत सासूबाई शिलाई मशीनवरून उठल्या.

कुणाचं काम अडलेलं त्यांना बघवायचं नाही. शेजारणीची अर्धवट राहिलेली काजंसुद्धा त्या मागून घ्यायच्या. आणि खोकला तर त्यांना तीन महिने होताच. दिवसभर कापडाचे तंतू नाकातोंडात जाणार, शिवणारीला खोकला नसेल तर कुणाला, असं त्यांचं म्हणणं. दोनदा खोकून त्यांनी बाटलीचं काम उरकलं आणि झाकण घट्ट लावलं.

"अहो आई, तपासणी माझी आहे."

"एका घरात राहतो, एका ताटात जेवतो. तुझं-माझं काय वेगळं निघणार? त्या बाईची खेप कशाला फुकट घालवायची?"

सून हसली. तिला आई नव्हती. सासूबाईंचं हे दामटणं तिला मनापासून आवडायचं.

चौथ्या दिवशी सिस्टर आल्या त्या तोंडाला मास्क लावूनच.

"तुला टीबी निघालाय," त्या सुनेला म्हणाल्या. "घाबरू नकोस. गोळ्यांनी बाळाला काही होत नाही, न घेतल्या तरच होतं. सहा महिने, एक दिवससुद्धा चुकवायचा नाही."

मशीन थांबलं. सासूबाईंनी सुनेकडे पाहिलं, पण सून त्यांच्याकडे बघायला तयार नव्हती. आईंचं नाव निघालं तर उद्यापासून कुणी शिवायला कापड देणार नाही, हे तिला चांगलं ठाऊक होतं.

"द्या," तिने हात पुढे केला. "कधीपासून घ्यायच्या?"

आयुष्यभर सासूबाईंनी दुसऱ्यांची कामं निस्तरली होती. त्यांचं काम कुणी असं अंगावर घेतल्याचं त्यांना आठवत नव्हतं. गप्प बसलं तर सगळं निभावणार होतं. त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

"थांबा, सिस्टर. त्या बाटलीत मी खोकले होते."



"आजी, ही काय परीक्षा आहे, एकीचा पेपर दुसरीने लिहायला?" मग सिस्टर खाली बसल्या. "म्हणजे आजार तुमचा कळला, आणि हिचं अजून काहीच कळलेलं नाही."

त्यांनी पिशवीतून नवी बाटली काढून सुनेच्या हातात दिली. कफ निघाला नाही तर दवाखान्यात ये, तिथे काढता येतो, असं सांगितलं. सासूबाईंना म्हणाल्या, "तुम्ही वेगळ्या झोपा, खिडकी उघडी ठेवा, तोंडावर रुमाल धरा. उद्या डॉक्टरांना दाखवून गोळ्या सुरू करू."

तोवर सासूबाईंनी आपलं स्टूल उचलून दाराबाहेर नेलं होतं.

"एक विचारू?" त्या तिथूनच म्हणाल्या. "बाळाला मी घेऊ शकेन?"

"चार महिने आहेत अजून. रोज गोळ्या घेतल्यात आणि तपासणी साफ आली, तर खुशाल घ्या."

सिस्टरांनी पिशवी आवरेपर्यंत सासूबाईंच्या पायात चपला होत्या. सून सवयीने त्यांचा हात धरायला पुढे आली, तशी त्यांनी तिला लांबूनच थांबवलं.

"अहो आजी, उद्या म्हटलं मी."

"उद्या कशाला?" रुमालाआडून त्या म्हणाल्या. "चारच महिने आहेत."