भागूबाईची शिळी मांदेली

ऑपरेशननंतर कमळी आगाशीच्या बाजारात परतली ती सुके बोंबील घेऊन. उभा जन्म जिने अर्नाळ्याचं पापलेट विकलं, गिऱ्हाइकाने कल्ला उचलून पाहिला तर "पोरगी बघायला आलीस काय?" असं विचारलं, ती आता बोंबलांच्या ढिगाआड बसलेली पाहून शेजारी मांदेली विकणारी भागूबाई म्हणालीच, "काय गं बाय, समिंदर आटला काय?"

"ओल्याची टोपली उचलवत नाय," कमळी म्हणाली.

खरं कारण लुगड्याच्या आत होतं. आतड्यातली कॅन्सरची गाठ काढताना डॉक्टरांनी पोटावर वाट करून तिथे पिशवी लावली होती. जे खाली जायचं ते आता न विचारता त्या पिशवीत यायचं. त्याचा वास कोणाला येऊ नये, म्हणून तिने बाजारातला सगळ्यात मोठा वास पुढ्यात मांडला होता. घरी बसायचीही सोय नव्हती. बाजारातली जागा फार दिवस रिकामी राहिली की दुसरीची होते.

पण बोंबलांवरही तिचा पुरता भरवसा नव्हता. म्हणून बाजाराच्या दिवशी ती जेवायचीच नाही. रिकामं पोट, रिकामी पिशवी. हे तिचं शहाणपण मुंबईच्या हॉस्पिटलात, वजनकाट्यावर उघडं पडलं.

"मावशी, पुन्हा कमी?" डॉक्टरांनी रक्ताचा रिपोर्टही पाहिला. "आज केमोचं सलाइन नाही लावता येणार. झेपणार नाही तुम्हाला."

"मग पुढल्या टायमाला द्या."

"तेव्हा वजन याहून कमी असलं तर? ऐका. गाठ आतड्याच्या बाहेर आली होती, आजूबाजूच्या बारीक गाठींतही रोग सापडला. दिसलं ते मी काढलं. जे दिसत नाही त्याच्यासाठी हे औषध. ते पूर्ण झालं तर बरीच वर्षं मला मासळी खाऊ घालाल, अशी आशा आहे. अर्धवट राहिलं तर ती आशाही कमी. जेवता ना नीट?"

"जेवते की."

बरोबर आलेल्या मुलीने, उन्नतीने, आईकडे पाहिलं आणि आईने भिंतीकडे. रक्त पडायला लागलं तेव्हाही 'मूळव्याध असंल' म्हणत कमळीने वर्षभर असंच भिंतीकडे पाहिलं होतं. असल्या जागेचं दुखणं सांगणार कोणाला?

पुढल्या बाजाराला उन्नतीने तिला वाडगाभर पेज पाजल्याशिवाय उंबरा ओलांडू दिला नाही. दुपारी ऊन चढलं, घाम सुटला आणि पिशवीची चिकटलेली कड एका बाजूने सुटली. कमळीला ते आधी ओलसर लागलं, मग कळलं.

नेमकी तेव्हाच विरारच्या नव्या बिल्डिंगमधली एक बाई भाव विचारायला वाकली आणि रुमाल नाकाला लावून मागे सरली. "शी! काय कुजलंय इथे?"

मागची गिऱ्हाइकंही थबकली. कमळीचा हात पोटावर गेला तो तिथेच राहिला.

आगाशीच्या बाजारात कोळणींची एक रीत होती. भांडताना एकमेकींच्या सात पिढ्या काढायच्या, पण मासळीला नावं ठेवायची नाहीत, वैरिणीच्यासुद्धा. आणि स्वतःच्या मासळीला? तसं बोललेली बाई कोणी पाहिली नव्हती.

"माझी मांदेली हाय ती," भागूबाई मोठ्याने म्हणाली. "शिळी हाय. बर्फ कमी पडला."

"आणि तरी विकायला बसलात?"

"बसले. तुमी नका घेऊ."

टोपलीतली मांदेली सकाळच्याच होडीची होती, सोन्यासारखी चमकत होती. गिऱ्हाइकं पांगली. भागूबाईने बर्फावरचं गोणपाट ओढलं, कमळीपुढे आडोशासारखं धरलं आणि स्वतः पाठ केली.

"बदल. काय असंल ते बदल. मी नाय बघत."

"तुला ठावं होतं?" कमळीने आडोशाआडून विचारलं.

"बोंबलाचा वास कुठला नि कुठला नाय, ते मला सांगाया लागतंय?"

त्यापेक्षा तिने शिव्या घातल्या असत्या तर कमळीला बरं वाटलं असतं.

संध्याकाळी भागूबाई अर्नाळ्याला कमळीच्या दारात उभी. हातात झाकलेलं ताट, ताटात तळलेली मांदेली, कुरकुरीत.

"घे. तुझ्यापायी उरली."

"उद्या परत बाजार हाय, बाय."

"मंग?"

"खाल्लं की भरतंय," कमळी मान खाली घालून म्हणाली.

"भरू दे. आता चार दिवस माझ्याकडं कुत्रं फिरकायचं नाय. जलमभरात पैल्यांदा माझ्या मासळीला मी शिळी म्हनले, ती काय तू उपाशी मरावीस म्हनून? खा!"

ताट परत पाठवायची लाज पिशवीच्या लाजेहून मोठी निघाली. कमळीने एक मांदेली उचलली, काट्यासकट चावली. मग दुसरी. लुगड्याखाली पिशवी कोमट झाली आणि तिने बारीकसा, बेशरम आवाज केला. चुलीपाशी उन्नतीचा हात थांबला. कमळीचा घास तोंडातच राहिला.

"ऐकलं," भागूबाई म्हणाली. "पुढली घे."

कमळीने वर न बघता पुढली घेतली.