उपाशी बर्फ

मुठीत दाबला तरी गोळा होईना — खडीसाखरेच्या चुऱ्यासारखे कण बोटांच्या फटींतून कोरडेच गळत राहिले... खेजालने मूठ उघडली. कमरेइतका खड्डा खणून तळातून काढलेला बर्फ. वरचा थर वीतभर टणक, त्यावर वरात नाचली तरी चालेल. आणि त्याच्याखाली हा, उपाशी बर्फ. हा कशाला धरत नाही, कुणाला धरत नाही. वरचं सगळं यावरून कधी घसरेल, की घसरणारच नाही...

मागे चौघे बाप्ये उभे होते. मधे फळीवर, गोधड्यांत बांधलेली सून रिंदे — दोन दिवस कळा देत होती, मूल आडवं. दवाखाना खाली, झाप नदीच्या काठी. वाट एकच, या उतारावरून. आणि खेजालच्या शब्दाशिवाय गावात कुणी हा उतार ओलांडत नाही.

"खेजालआजी, चाखतेयस की काय? मीठ बरोबर आहे ना?" शेजारचा मिस्तो. भ्याला की तो असंच बोलतो.

"तुझ्या बायकोच्या रांधण्यापेक्षा बरं आहे. गप उभा राहा."



"आई, ऊन चढतंय," तिचा धाकटा, बोतान म्हणाला. "माझी बायको आहे ती. जायचं की नाही, एवढंच सांग."

एवढंच! सहा हिवाळ्यांपूर्वी थोरल्यालाही एवढंच सांगितलं होतं — जा. तेव्हा खणलं कुठे होतं? सासूकडून आलेली काठी बर्फावर वरूनच आपटली, टणक वाजली. ही काठी चुकत नाही म्हणून गावाला ऐकवलं, आणि... चार दिवसांनी बर्फाखाली सापडला. लोक म्हणाले, देवाची मर्जी. मी म्हणू दिलं. माझं होतं ते देवाच्या अंगावर टाकलं. त्यानंतर दर वर्षी खणत आले, आणि तरी छातीठोकच सांगत आले — जा, थांबा — जणू बर्फ मला विचारून खाली येतो.

'जा' म्हटलं तर हे चौघे आणि ती. 'थांबा' म्हटलं तर ती आणि मूल, घरात, माझ्या डोळ्यांदेखत.

"आई!"

"मला कळत नाही," ती म्हणाली.

मिस्तोने टोपी काढली, पुन्हा घातली. चाळीस वर्षांत हे कुणी ऐकलं नव्हतं. लाज वाटेल म्हणून ती क्षणभर थांबली, वाटली नाही. मग ती सुनेच्या फळीजवळ गेली, गुडघे टेकून बसली आणि खड्ड्यात जे जे दिसलं ते तिला सांगू लागली, जायचं की नाही ते तिनेच ठरवावं म्हणून — थोरल्याचंही, काठीचंही, काही न झाकता... आपला आवाज हुकमाशिवायही निघतो, याचं तिला भय वाटत होतं, आणि तरी ती सांगत राहिली.