दोन बोटं जास्त

साहित्याची पदवी हवी असेल तर विज्ञानाच्या एका विषयात पास व्हावंच लागेल, असा विद्यापीठाचा नियम होता. पंचेचाळिशी ओलांडलेल्या धाकटीने त्यातून पळवाट शोधून पाहिली, सापडली नाही, तेव्हा 'भौतिक विज्ञानाची तोंडओळख' या ऑनलाइन वर्गात नाव घातलं. वर्ग खास विज्ञानाशी फारकत घेतलेल्यांसाठी होता. शिकवणारे सर पडद्याच्या कोपऱ्यात पोस्टाच्या तिकिटाएवढे दिसत आणि प्रत्येक पाठाच्या सुरुवातीला 'घाबरू नका' म्हणत. त्यामुळे तिला जास्तच भीती वाटे.

दिवसा ती रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत खिडकीमागे बसायची. माणसाच्या तोंडून त्याचं नाव वदवून घ्यायचं, चिठ्ठीवर तेच आहे ना ते पाहायचं, मग चिठ्ठी नळीवर चिकटवायची. एकाचं रक्त दुसऱ्याच्या नावावर गेलं की काय होतं, हे तिने नोकरीच्या पहिल्याच वर्षी पाहिलं होतं. तेव्हापासून 'अंदाजे' हा शब्द ऐकला तरी तिच्या कपाळाला आठी पडे.

सहाव्या पाठाला पृथ्वीचा घेर मोजायचा होता. त्यासाठी लागणार होती एक मीटरची काठी, स्वच्छ ऊन आणि एक जोडीदार. जोडीदार साधारण त्याच उत्तर-दक्षिण रेषेवर, पण काही शे किलोमीटर लांब राहणारा हवा. दोघांनी एकाच दिवशी, सूर्य सगळ्यात वर असताना, आपापल्या काठीची सावली मोजायची. दोन सावल्यांच्या फरकातून कोन निघतो आणि कोनावरून पृथ्वी. 'कुणी ओळखीचं नसेल तर आम्ही जोडीदार देऊ,' असंही सरांनी खाली लिहिलं होतं.

धाकटीने नकाशा उघडला. आपल्या गावावर बोट ठेवलं आणि सरळ वर नेलं. पाचशे सत्तर किलोमीटरवर बोट थांबलं, तिथे ताई राहत होती. ते तिथे थांबणार, हे नकाशा उघडायच्या आधीच तिला ठाऊक होतं.

ताई तिच्याहून आठ वर्षांनी मोठी. वडिलांचं शिवणकामाचं दुकान तीच चालवत होती आणि आईचं शेवटचं दुखणंही तिनेच काढलं. त्या दुखण्यात धाकटी चार दिवसांसाठी गेली होती. औषधांच्या वेळा अर्धा तास इकडेतिकडे होतात, हे तिने पहिल्या संध्याकाळीच ताईला ऐकवलं. तेही भेटायला आलेल्या मामींसमोर. धाकटी निघताना ताई दारात एवढंच म्हणाली, "मापं काढायला येतेस गं, शिवायला कोण बसणार?"

आई गेली. त्यानंतर दोघींचं बोलणं वाढदिवसाच्या फोनपुरतं उरलं, आणि त्या फोनमध्येही दोघी हवापाण्याचीच चौकशी करत. ताईच्या खालच्या पट्टीतल्या हसण्याची धाकटीला इतकी आठवण यायची, की खिडकीसमोर कुणी तसं हसलं तर ती नळी हातात धरून क्षणभर थांबायची.

"पृथ्वी मोजायचीय की बहीण?" नकाशा बघून नवऱ्याने विचारलं.

"जोडीदार लागतो. नियम आहे."

"सर देतायत ना जोडीदार? लिहिलंय की इथे. ताकाला जायचं आणि भांडं लपवायचं, ही तुझी जुनी खोड."

"तुम्ही आपला पेपर वाचा."

फोन लावण्याआधी तिने काय बोलायचं ते मनात घोकून ठेवलं होतं. त्यातलं निम्मं ती विसरली.

"बोल," ताई म्हणाली. मागे मशीन चालू होतं. "वाढदिवस तर नाही कुणाचा."

"ताई, एक काम होतं. कॉलेजचं."

"कॉलेजचं? तुझं? या वयात?" मशीन थांबलं. "आणि मी काय करायचं त्यात?"

धाकटीने काठी, सावली, सूर्य असं सगळं सांगितलं. दुसरं कुणी मिळण्यासारखं नाही, असंही ठोकून दिलं. ताईने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "एवढंच ना? टेप तर माझ्या गळ्यातच असते." मग गिऱ्हाईक आल्याचं सांगून तिने फोन ठेवला.

ठरलेल्या दिवशी दुपारी धाकटी प्रयोगशाळेच्या गच्चीवर गेली. ओळंबा लावून काठी उभी केली, सावलीच्या टोकावर खुणा केल्या, सगळ्यात आखूड सावली मोजली. बेचाळीस सेंटिमीटर. जिन्यातच ताईचा निरोप आला : 'छप्पन्न.' पुढे काही नव्हतं. कशी आहेस, जेवलीस का, काही नाही. धाकटी तो एक आकडा बराच वेळ बघत राहिली.

घरी येऊन तिने गणित मांडलं. पुस्तकात पृथ्वीचा घेर चाळीस हजार किलोमीटर होता. तिचा जेमतेम बत्तीस हजार भरला.

तिने पुन्हा केलं. पुन्हा बत्तीस.

"आटली वाटतं," नवरा म्हणाला. "धुतलीस का गरम पाण्यात?"

त्याच्या या थट्टेनेच तिच्या डोक्यात उजेड पडला. वडील कापडाचं माप कधीच टेप सांगेल तेवढं लिहीत नसत. कापलेलं लांबवता येत नाही, जास्तीचं आत घेता येतं, असं म्हणून ते दोन बोटं वाढवून सांगत. ताई लहानपणापासून त्यांच्या शेजारी बसून माप घ्यायची. हात टेपवर गेला की दोन बोटं आपोआप वाढणारच. दोन बोटं म्हणजे साधारण तीन सेंटिमीटर. धाकटीने छप्पन्नातून तीन वजा केले. पृथ्वी जवळजवळ तंतोतंत चाळीस हजारांवर आली.

"मग झालं की," नवरा म्हणाला. "त्रेपन्न लिही आणि मोकळी हो. तुझ्या सरांना काय स्वप्न पडणारे?"

"तिने छप्पन्न सांगितलेत. मी मनाने त्रेपन्न कसे लिहू?"

"मग विचार तिला."

इथेच तर घोडं पेंड खात होतं. इतक्या वर्षांनी तिने ताईकडे काही मागितलं होतं, ताईने ते दिलंही होतं. आणि आता फोन करून सांगायचं, की ताई, तुझं माप चुकलं. एकदा चूक काढून चार वर्षं गेली होती. दुसऱ्यांदा काढली तर वाढदिवसाचा फोनही येणार नाही, असं तिला वाटलं. चुकीचा आकडा तसाच पाठवावा, गुण गेले तर जाऊ देत, असंही मनात आलं. पण मग बहिणीशी बोलायला निमित्त कोणतं उरणार?

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तिने फोन लावला.

"ताई, ती सावली. छप्पन्न टेपवरच होते ना?"

ताई सावकाश म्हणाली, "आलीस? आलीस मापं काढायला?"

"तसं नाही गं..."

"तसंच आहे. बोल, काय चुकलं माझं?"

"चुकलं नाही. दोन बोटं..." धाकटी अडखळली. "दोन बोटं वाढवलीस का, एवढंच विचारतेय."

तिकडे टेप सर्रकन ओढल्याचा आवाज आला.

"वाढवली असणार," ती म्हणाली. "मला कळलंसुद्धा नाही बघ. मग? काय बिघडलं?"

"पृथ्वी आठ हजार किलोमीटरने लहान झाली."

"माझ्या दोन बोटांनी?"

"हो."

आणि ताई हसली. तेच खालच्या पट्टीतलं, थांबता थांबत नाही असं हसणं. धाकटीने फोन कानाशी घट्ट दाबला.

"पण टाचणे, एक सांग," ताई दम घेत म्हणाली. लहानपणी धाकटी दुकानात पडलेल्या टाचण्या वेचायची, म्हणून घरात तिला टाचणी म्हणत. आई गेल्यापासून त्या नावाने तिला कुणी हाक मारली नव्हती. "तू का नाही वाढवलीस? तूही त्याच दुकानात वाढलीस ना?"

धाकटीने समोरच्या पाकिटाच्या पाठीवर आकडे मांडले. बेचाळिसात तीन मिळवले. एक्केचाळीस हजारांच्या थोडं आत.

"दोघींनी वाढवली असती," ती म्हणाली, "तर जवळपास बरोबर आलं असतं."

तिकडे कात्री खाली ठेवल्यासारखं काहीतरी वाजलं.

"आईच्या औषधांच्या वेळी मी..." धाकटीने सुरुवात केली.

"ते राहू दे. रात्रभर जागी असायचे मी, व्हायचा उशीर कधीकधी. पुन्हा मोजायचंय का सांग."

"मोजावं लागेल."

"मग उद्या फोन चालू ठेव. मी चुकले की तिथल्या तिथे टोक. मागाहून नको."

दुसऱ्या दिवशी सूर्य सगळ्यात वर येण्याच्या बऱ्याच आधी दोघी उन्हात उभ्या होत्या. धाकटी गच्चीवर, ताई दुकानामागच्या मोकळ्या जागेत. सावली हळूहळू आखूड होत होती. दर थोड्या वेळाने टोकावर खडूची खूण करायची आणि मध्ये नुसतं थांबायचं, एवढंच काम होतं. थांबताना बोलण्यावाचून करण्यासारखं काही नव्हतं. ताईने सांगितलं, की आता सुईत दोरा ओवायला तिला भिंग लागतं. धाकटीने सांगितलं, की नवऱ्याचं घोरणं आता शेजारच्यांनाही पाठ झालंय. आईची शेवटची साडी ताईने अजून उलगडलेली नव्हती. ती का, ते धाकटीने विचारलं नाही.

"आधी कुणाची सावली फिरेल?" ताईने विचारलं. "तुझी की माझी?"

"एकदमच. आपण एकाच रेषेवर आहोत ना. तुझी दुपार तीच माझी दुपार."

"आणि एकदा वाढायला लागली, की झालं काम?"

"झालं."

"मग फोन ठेवायचा."

"हं," धाकटी म्हणाली.

खुणा एकमेकींच्या जवळ येत गेल्या, मग एकीवर एक पडल्या. धाकटीने सावली मोजली, टेप सांगेल तेवढीच बोलून दाखवली. ताईने तिची सांगितली. त्रेपन्न. पुढची खूण धाकटीने वाकून, डोळे बारीक करून केली. ती आधीच्या खुणेपेक्षा काठीपासून दूर होती. केसभरच, पण दूर.

"काय गं," ताईने विचारलं, "फिरली का तुझी?"

"अजून नाही," धाकटी म्हणाली. "तुझी?"

पलीकडून नुसता वारा ऐकू आला. ताई बहुधा खाली वाकून बघत होती.

"माझीही नाही," ताई म्हणाली. "थांबू या थोडं."