तळ्यातली ओहोटी

आरोंद्याच्या आमच्या वाचनालयात गेलं वर्षभर कॅनडाचे सिनेमे दाखवले, आणि त्यावरून गावात कोण काय बोललं ते मी विसरलेली नाही. ग्रंथपाल मी, शर्मिष्ठा. पुस्तकं द्यायची सोडून हिला गोऱ्यांची भुतं दाखवायची हौस, असं म्हणणारेच पुढे पहिल्या रांगेतली खुर्ची धरायला साडेचारला हजर असत.

हौस माझी नव्हतीच, रॉविनाची होती. रॉविना माझी शाळेपासूनची मैत्रीण, सांतानकाका आणि वेरोनिकाकाकींची एकुलती लेक. नर्सिंग शिकायला कॅनडाला गेली आणि ते अर्ध्यावर सोडून सिनेमातले बारीकसारीक आवाज तयार करायच्या कामाला लागली. पडद्यावर कोणी बर्फातून चाललं, की ही बंद खोलीत पिठाची पिशवी दाबून पावलांचा आवाज काढणार. सांतानकाका खाडीत होडी घालणारे, मासे पकडणारे. त्यांनी हे ऐकलं आणि एकच वाक्य बोलले, "आवाज काढूक कॅनडाक कित्याक जावक व्हया?" त्यानंतर तीन वर्षं लेकीशी अबोला. काकींनी फोन पुढे केला की हे उठून जाळं सांधायला बसायचे.

वर्षभरात रॉविनाने सहा सिनेमांचं काम केलं आणि परवानगी काढून ते सहाही मला पाठवले. दर दोन महिन्यांनी एक दाखव, रविवारी संध्याकाळी पाचला, एवढंच तिचं मागणं. पाचच का, हे मला कळत होतं. त्या वेळी सांतानकाका वाचनालयात पेपर वाचायला येतात, आणि कलेक्टर दारात उभा राहिला तरी त्यांची वेळ बदलत नाही.

आले. पण खुर्ची उलटी फिरवली, पडद्याकडे पाठ केली आणि पेपर उघडला. मला असा राग आला म्हणून सांगू.

पहिला सिनेमा भुताचा. ज्यांना इंग्रजी कळत नव्हतं त्यांच्यासाठी मी मधून मधून सांगत होते. घरातली माणसं एकेक करून गायब होत होती, तेव्हा आमच्या वाडीतल्या माईंनी निकाल दिला की नव्या घरात शिरताना जागेच्या राखणदाराला नारळ ठेवला नाही, मग दुसरं काय होणार? सगळ्यांना पटलं. दुसरा विनोदी होता, त्यात लोक नको तिथे हसले. तिसरा थंड समुद्रातल्या मच्छीमारांवरचा माहितीपट. त्यांच्या बोटी बघून आमच्या लोकांनी सुस्कारे टाकले. मग खुनाचा तपास झाला, मग कार्टून. सांतानकाका आपले पेपरात. छोट्या जाहिरातीसुद्धा वाचून काढायचे.

सिनेमा संपला की मी रॉविनाला फोन लावायचे. तिथे तेव्हा सकाळ असायची आणि ती चहा घेऊन वाट बघत बसलेली. लोकांना आवडलं का, हे तिने कधी विचारलंच नाही. पपांनी वळून बघितलं का, एवढंच. मी नाही म्हणायचे. डिसेंबरातल्या शेवटच्या सिनेमाआधी मात्र ती म्हणाली, "यंदा नाय तर नाय. पुढे मी काय एक धाडूचंय नाय. दमलंय गो मी." मला रडू आलं, खोटं कशाला सांगू.

हा शेवटचा प्रेमाचा होता. डोंगरांमधलं एक मोठं तळं, पाणी आरशासारखं गप्प, आणि नायक होडी वल्हवत पलीकडच्या काठावर नायिकेकडे निघालेला. बायका पदर सावरून बसल्या. तेवढ्यात मागे पेपर खाली आला. सांतानकाकांनी मान कलती केली, थोडा वेळ ऐकलं, आणि मग उठून सरळ पडद्यासमोर जाऊन उभे राहिले. नायक दिसेना. लोक ओरडले, तरी हलले नाहीत.

"तिका फोन लाव," ते मला म्हणाले.

मी सिनेमा थांबवला आणि फोन लावून त्यांच्या हातात दिला. त्यांनी हॅलोसुद्धा म्हटलं नाही. "तळ्यात सुकती खंयसून इली गो?" असं म्हणून ते तिला झापायलाच लागले. हा आवाज उभ्या पाण्याचा नव्हेच, सुकतीला, म्हणजे ओहोटीच्या वेळी पाणी होडीच्या नाकाडावर आपटतं तो आहे. आणि वल्हं दर खेपेला कडेला घासतं, ती होडी कोणाची ते काय त्यांना कळणार नाही?

रॉविनाने कबूल केलं. दोन वर्षांमागे नाताळात आली होती, तेव्हा पपा बोलत नव्हते म्हणून रोज सकाळी खाडीच्या काठावर लपून बसायची आणि त्यांच्या होडीचा आवाज भरून घ्यायची. कॅनडात एकटीने ऐकायला. मग कामातही वापरला.

काकांनी फोन दुसऱ्या कानाला लावला. मग घसा खाकरून म्हणाले, "चुकीचा ता चुकीचा. उद्या वालावलीच्या तळ्यार जातंय. खरो आवाज धाडतंय तुका."

आणि गेले. वल्हं घेऊन एसटीत चढले, कंडक्टरशी भांडले, माझी रजा गेली, कारण फोनवर आवाज भरायला त्यांना येत नाही. देवळाशेजारच्या त्या तळ्यात कोणाची तरी होडी मागून त्यांनी तासभर वल्हं मारलं. पण दर वेळी सुरुवात करताना फोनकडे वाकून म्हणायचे, "रॉविना, आयक गो." बोलू नका, आवाजात येतं, असं मी दहादा सांगितलं.

रॉविनाने ऐकून उत्तर धाडलं. वल्ह्याचा आवाज पुढच्या सिनेमात घालते म्हणाली, त्याआधीची पपांची हाक मात्र कापून स्वतःजवळ ठेवणार, कोणालाही देणार नाही.